लिलावातील जुनी इटालियन स्पोर्ट्स कार अस्सल आहे का, हे कसे तपासावे

गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घ्यावी लागते, हे आपल्याकडे जुनी गाडी घेतलेल्या किंवा विकलेल्या कोणालाही ठाऊक असते. बॉनेट उघडायचे, फडक्याने तेलकट धूळ पुसायची, क्रमांकावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासत राहायचे. काळ्या पट्ट्यात हळूहळू पांढरे आकडे उमटतात. काही कोटींची फेरारी लिलावात घेण्यापूर्वी जी तपासणी करतात, तिचा गाभा नेमका हाच असतो. आपल्याकडे ती छाप आरटीओच्या फॉर्मवर चिकटवली की काम संपते, तिथे त्या छापेपासून काम सुरू होते.

१९५० ते १९७० या दशकांतली इटालियन स्पोर्ट्स कार पॅरिसच्या फेब्रुवारीतल्या किंवा कॅलिफोर्नियातील माँटेरेच्या ऑगस्टमधल्या लिलावात घेऊ पाहणाऱ्यासाठी हे लिहीत आहे. त्याहूनही अधिक, त्याच्यासोबत तांत्रिक माणूस म्हणून जाणाऱ्यासाठी. मी स्वतः दुसऱ्या गटातला आहे. पैसे दुसऱ्याचे आणि डोळे आपले, अशी ती जबाबदारी असते आणि ती हलकी नसते.

उदाहरणे मुख्यतः फेरारीची घेतली आहेत, कारण सर्वाधिक पैसा तिथे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये माँटेरे येथे २५० जीटीओ ही गाडी, चेसिस क्रमांक ३४१३ जीटी, ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. तीन लिटर इंजिनाच्या अशा गाड्या फक्त ३६ बनल्या. त्याच काळात त्याच कारखान्यातून, त्याच घराण्याचे व्ही-१२ इंजिन घेऊन, २५० जीटीई ही चार आसनी गाडी साडेनऊशेच्या आसपास बाहेर पडली, आणि अनेक वर्षे तिला विशेष मोल नव्हते. परिणाम असा झाला की कित्येक जीटीई कापून त्यांच्या सांगाड्यावर जीटीओसारख्या दिसणाऱ्या गाड्या उभ्या करण्यात आल्या. मात्र नवख्या माणसाने जीटीओच्या नकलेची भीती बाळगण्याचे कारण नाही. सर्व ३६ गाड्यांचे क्रमांक अभ्यासकांना पाठ आहेत आणि ३७ वी कोणी आणली तर ती दारातच ओळखली जाईल. खरी फसगत मधल्या पायऱ्यांवर होते: साध्या पत्र्याची गाडी ॲल्युमिनियमची म्हणून, तीन कार्ब्युरेटरची सहाची म्हणून, बंद छपराची कूपे मूळ उघडी स्पायडर म्हणून, लॅम्बोर्गिनीची साधी पी४०० मिउरा तिच्या महागड्या एसव्ही प्रकाराची म्हणून. तिथे गाडी खरीच असते, पण ती जी असल्याचे सांगितले जाते ती नसते, आणि दोन्हींच्या किमतीत एखाद्या बंगल्याचे अंतर असते.

म्हणून ‘अस्सल’ हा शब्द तपासणीच्या वहीत लिहूच नये. त्याच्या जागी चार वेगळे प्रश्न लिहावेत. हा सांगाडा त्याच क्रमांकाचा आहे का? इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी कारखान्यातून निघताना होती तीच आहेत का? गाडीचा जो प्रकार सांगितला आहे, त्या प्रकारची ती पहिल्या दिवसापासून होती का? आणि विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क आहे का? एका प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून उरलेल्या तिघांची उत्तरे मिळत नाहीत, आणि कॅटलॉगमधली गोड भाषा बहुतेक वेळा एकाच उत्तराच्या जोरावर चारही प्रश्न सुटल्याचा भास निर्माण करते.

कॅटलॉग आल्यापासून लिलावापर्यंत

कॅटलॉग साधारणतः काही आठवडे आधी प्रसिद्ध होतो आणि निम्म्याहून अधिक तपासणी त्या आठवड्यांतच, गाडीपासून हजारो किलोमीटर दूर बसून, करायची असते. प्रदर्शनाच्या दिवशी गाडीभोवती गर्दी असते, प्रकाश गाडी सुंदर दिसावी असा लावलेला असतो, आणि अभ्यासाला वेळ मिळत नाही. त्या दिवशी फक्त जुळवाजुळव करावी. शोध आधीच संपलेला असावा.

सर्वप्रथम लॉटचे, म्हणजे लिलावात मांडलेल्या त्या गाडीचे, वर्णन पेन घेऊन वाचावे. प्रत्येक विधानाखाली रेघ मारून समोर लिहावे की हे कोण म्हणते आणि कशाच्या आधारे म्हणते. ‘असे समजले जाते’, ‘असे मानण्यास जागा आहे’, ‘अमुक प्रकाराच्या स्पेसिफिकेशननुसार’, ‘अमुक शैलीतील’ हे शब्दप्रयोग वकिलांनी तोलून घातलेले असतात. ‘एसव्ही स्पेसिफिकेशननुसार’ असे लिहिलेली मिउरा म्हणजे एसव्ही नव्हे. ‘मॅचिंग नंबर्स’ असे लिहिलेले असल्यास कशाशी काय जुळते ते विचारावे. इंजिनावरचा आकडा कारखान्याच्या नोंदीशी जुळणे ही एक गोष्ट झाली आणि इंजिनावरचा आकडा गाडीतल्याच दुसऱ्या पट्टीशी जुळणे ही अगदी वेगळी. गाडीतले ते दोन्ही आकडे एकाच माणसाने एकाच दुपारी ठोकलेले असू शकतात.

त्यानंतर गाडीची संपूर्ण हिस्टरी फाइल स्कॅन करून मागवावी. इटलीत नोंदलेल्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे चेर्तिफिकातो दोरीजिने, म्हणजे कारखान्याने पहिल्या नोंदणीसाठी दिलेले मूळ प्रमाणपत्र. त्याच्या जोडीला पीआरए या सार्वजनिक वाहन नोंदवहीचा कालानुक्रमे उतारा मागवावा, ज्याला इटालियन माणसे एस्त्रात्तो क्रोनोलोजिको म्हणतात. ही नोंदवही १९२७ पासून चालू आहे आणि इटलीचा ऑटोमोबाइल क्लब ती सांभाळतो. आपल्याकडचा सातबाऱ्याचा फेरफार ज्याने वाचला आहे त्याला हा उतारा वाचणे अवघड जात नाही: मालकांची रांग, तारखा, बोजा, आणि शेवटी गाडी नोंदवहीतून कमी झाली असेल तर त्याचे कारण. त्या कारणापाशी थांबावे. परदेशी निर्यात झाल्यामुळे नोंद रद्द होणे स्वाभाविक आहे, कारण इटलीत नोंद होऊन नंतर अमेरिकेत गेलेल्या गाड्यांचे तसेच होई. पण नोंद ‘देमोलित्सिओने’ म्हणजे मोडीत काढल्यामुळे रद्द झाली असेल आणि तरीही गाडी आज चकचकीत होऊन उभी असेल, तर मधल्या काळात काय झाले याचा समाधानकारक कागद मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

इटलीच्या जुन्या नंबरप्लेटवर प्रांताची खूण असे, मोदेनासाठी एमओ, मिलानसाठी एमआय, आणि रोमचे तर पूर्ण नाव. गाडी दुसऱ्या प्रांतातल्या मालकाकडे गेली की प्लेटही बदलत असे. त्यामुळे जुन्या छायाचित्रातली प्लेट, उताऱ्यातली प्लेट आणि सांगितलेला मालक हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात. विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीतला मालक मिलानचा आणि त्याच वर्षीच्या छायाचित्रातली प्लेट बोलोन्याची, असे निघाले तर कोणीतरी चुकते आहे.

कारखान्याचा कागद याहून वेगळा. फेरारीचा क्लासिके विभाग गाडीची स्वतःच्या संग्रहातल्या नोंदींशी तुलना करून प्रमाणपत्र देतो. लाल बांधणीमुळे त्याला सगळे ‘रेड बुक’ म्हणतात. लॅम्बोर्गिनीने २०१५ मध्ये सांतआगाता बोलोन्येसे येथे पोलो स्तोरिको हा तसाच विभाग सुरू केला, आणि आल्फा रोमिओचा संग्रह मिलानजवळ आरेझे येथे आहे. हे सर्व कागद मागावेत, मात्र नुसते आहेत म्हणून खूश होऊ नये. रेड बुक उघडून वाचावे. त्यात एखादा भाग मूळचा आहे की मूळ स्पेसिफिकेशनशी सुसंगत असा बदललेला आहे, हा भेद असतो, आणि कॅटलॉगच्या पहिल्या ओळीत तो कधीच नसतो. कारखान्याने नवा ब्लॉक ओतून त्यावर जुना क्रमांक ठोकून दिलेला असू शकतो. ते कायदेशीर आहे, प्रामाणिक आहे, पण ते मूळ इंजिन नव्हे. शिवाय प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीच्या गाडीविषयी बोलते. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रानंतर दोन मालक आणि एक जीर्णोद्धार झाला असेल, तर त्यातले प्रत्येक छायाचित्र आजच्या गाडीशी पुन्हा ताडावे लागते.

कागदांवर आणखी एक डोळा हवा. काही स्वतंत्र अभ्यासक आयुष्यभर एकेका चेसिसचा इतिहास जमवत आले आहेत. फेरारीच्या क्षेत्रात स्वित्झर्लंडचे मार्सेल मासिनी हे नाव सर्वांना माहीत आहे. अशा अभ्यासकाकडून अहवाल घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य असतो. विक्रेत्याने फाइलमध्ये तसा अहवाल ठेवलाच असेल, तर त्याची तारीख पाहावी आणि शक्यतो नवा अहवाल स्वतःच्या नावाने मागवावा, कारण जुन्या अहवालानंतर सापडलेली माहिती जुन्या अहवालात नसते.

क्रमांक वाचणे

त्या काळच्या फेरारीत एक ढोबळ नियम होता: रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक आणि शर्यतीच्या गाड्यांना सम. फेरारीच्याच कारखान्यातल्या डिनो २०६ आणि २४६ या गाड्या मात्र रस्त्यावरच्या असूनही सम क्रमांकाच्या आहेत. हा नियम पाठ असणे उपयोगी आहे, कारण तो पहिल्या मिनिटाला मोठी चूक पकडतो. त्यापलीकडे त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

खरे काम ठशांचे. २५० आणि २७५ मालिकेच्या काळात इंजिनावर चेसिसचाच क्रमांक ठोकत, आणि त्याशिवाय इंजिनाला स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक, नुमेरो इंतेर्नो, असे. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सललाही असे अंतर्गत क्रमांक असत. हे तपासणाऱ्याच्या दृष्टीने वरदान आहे. कोणत्याही समकालीन ब्लॉकवरचा मोठा क्रमांक कानशीने घासून नवा ठोकणे हे कुशल फिटरला एका दुपारचे काम. पण अंतर्गत क्रमांक कारखान्याच्या जोडणीपत्रकात नोंदलेला असतो आणि ते पत्रक त्याच्या हाती नसते. म्हणून मोठा क्रमांक पाहून मान डोलावण्याआधी अंतर्गत क्रमांक शोधावा. तो नसेल, रंगाखाली गडप असेल किंवा त्या जागी धातू संशयास्पद गुळगुळीत असेल, तर ती गोष्ट वहीत सर्वांत वर लिहावी. पुढच्या काळात ही पद्धत बदलली आणि डिनोच्या इंजिनाला तर चेसिसशी संबंध नसलेला स्वतंत्रच क्रमांक असतो, त्यामुळे तिथे ‘दोन्ही आकडे सारखे नाहीत’ अशी घाबरगुंडी उडवून घेऊ नये. तिथे इंजिनाचा आकडा नोंदींशीच ताडायचा.

ठसा पाहण्याची रीत अशी. विजेरी समोरून न धरता जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून, बाजूने धरावी. तिरप्या उजेडात आकड्यांच्या कडा आणि भोवतालची उंचसखलता उठून दिसते. आकड्यांभोवतीचा धातू बाजूच्या धातूपेक्षा किंचित खोल, बशीसारखा असेल, तर तिथे कोणीतरी ग्राइंडर किंवा कानस चालवली आहे. मग दहा पट मोठे दाखवणारे भिंग लावावे. कारखान्यात एकेक आकडा पंच आणि हातोडीने ठोकलेला असे, त्यामुळे आकडे किंचित वरखाली, एखादा थोडा कललेला, एखादा जास्त खोल, हे सारे नैसर्गिक आहे. रांगेत शिस्तीने उभे असलेले, सारख्या खोलीचे, कडा धारदार असलेले आकडे मला अधिक खटकतात. त्यातही प्रत्येक आकड्याची घडण पाहावी: चारचे टोक उघडे की मिटलेले, सातच्या पायाचा कल, तीनचा माथा गोल की सपाट. कारखान्याचे पंच वर्षानुवर्षे तेच वापरले जात, म्हणून आपल्या गाडीच्या आगेमागे बनलेल्या दोन-तीन गाड्यांच्या ठशांची छायाचित्रे आधीच मिळवून सोबत न्यावीत. अभ्यासक आणि मालकसंघ ती बहुधा आनंदाने देतात.

यानंतर पेन्सिल. छायाचित्रात उजेड फसवतो, छाप फसवत नाही. पातळ ट्रेसिंग कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल घासली की आकड्यांसोबत पृष्ठभागाचे ओरखडेही उतरतात, आणि सगळीकडे ओतीव धातूचा खरबरीत पोत असताना आकड्यांच्या पट्टीतच समांतर रेघा दिसल्या, तर त्या रेघा कानशीच्या आहेत. छापेवर तारीख, वेळ आणि गाडीतली जागा लिहून ठेवावी. परवानगी विचारूनच हे करावे. बहुतेक ठिकाणी लिलावगृहाचा तज्ज्ञ शेजारी उभा राहून करू देतो, आणि कोणी ठाम नकार दिला तर तो नकारही नोंदवून ठेवावा.

ठशाभोवती वेल्डिंगची रेघ आहे का, हेही पाहावे. कापून आणलेला क्रमांकाचा तुकडा दुसऱ्या सांगाड्यात बसवणे ही जुनी युक्ती आहे. कापलेल्या जीटीईच्या बाबतीत तर मोजपट्टीच पुरे होते: जीटीईचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,६०० मिलिमीटर आणि जीटीओ किंवा एसडब्ल्यूबीचा (कमी व्हीलबेसच्या २५० जीटीचा) २,४००. मधले २०० मिलिमीटर कुठेतरी कापलेले असतात, आणि सांगाड्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या नळ्यांवर तो सांधा, कितीही घासला तरी, आतल्या बाजूने हाताला लागतो.

पत्रा, रंग आणि पाठीमागची बाजू

लोहचुंबक हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके साधन आहे. तो सुती फडक्यात गुंडाळून न्यावा, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. आल्फा रोमिओची जीटीए घ्या. नावातला ‘ए’ म्हणजे आलेजेरीता, हलकी केलेली, आणि तिचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे आहेत. साध्या जीटीव्हीला जीटीएचे बिल्ले लावून उभे केले असेल, तर चुंबक दारालाच चिकटून सांगेल. पण चुंबक चिकटला नाही म्हणून जीटीए सिद्ध होत नाही, कारण ॲल्युमिनियमचे पत्रे नंतरही लावता येतात. मग प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेले हेड, पत्रे जोडण्याची रिव्हेटची पद्धत आणि शेवटी क्रमांक असे आत आत जावे लागते. उलट २५० जीटी एसडब्ल्यूबीच्या साध्या पत्र्याच्या गाडीतही दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे चुंबक दारावर नव्हे, मडगार्डवर आणि छपरावर लावायचा. कोणत्या गाडीत कुठे काय होते हे माहीत नसेल, तर चुंबक हातात असूनही माणूस आंधळाच.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारे घ्यावे. फेरारंग झालेल्या गाडीचे आकडे काहीशे मायक्रॉनपर्यंत असतात. एक हजाराच्या पुढे गेले की खाली पुट्टी आहे असे समजावे. पुट्टी असणे हा गुन्हा नाही, साठ वर्षांच्या गाडीला डेंटिंग-पेंटिंग झालेलेच असते. पाहायचे असते ते हे की पुट्टी कुठे आहे आणि ती कोणती गोष्ट झाकते आहे.

एक अनुभव सांगतो. एका लिलावाच्या प्रदर्शनात पिवळी डिनो २४६ जीटीएस उभी होती. जीटीएस म्हणजे छपराचा मधला भाग काढता येणारी, १९७२ पासून बनलेली गाडी. तिच्या शेवटच्या काळात दोन पर्याय मिळत: फेरारीच्या डेटोना या गाडीसारखी पट्ट्यापट्ट्यांची आसने आणि रुंद चाकांसाठी फुगवलेल्या चाकांवरच्या कमानी. या जोडीला बाजारात ‘चेअर्स अँड फ्लेअर्स’ म्हणतात आणि तिच्यामुळे किंमत बरीच चढते. या गाडीला दोन्ही होते आणि वर्णनात ते ठळक अक्षरांत होते. मी मागच्या चाकाच्या कमानीवर यंत्र लावले, आकडा सोळाशेच्या आसपास आला; चार बोटे वर सरकवले तर दोनशेच्या खाली. मग खाली आडवा होऊन कमानीच्या आतल्या बाजूला विजेरी मारली. जुन्या कमानीची मूळ कड तशीच शिल्लक होती आणि तिच्या बाहेर नवा पत्रा टाके घालून, ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेला होता. वरून काळा अंडरकोट मारला होता, पण वेल्डच्या गाठी त्यातून वर आलेल्या बोटाला लागत होत्या. फाइलमध्ये पहिल्या विक्रीची पावती होती आणि तिच्यावर रंग, काचा, रेडिओ सारे होते, कमानींचा उल्लेख नव्हता. गाडी खरी होती, क्रमांक खरे होते, इंजिन मूळचे होते. लेखी विचारणा केल्यावर त्या लिलावगृहाने वर्णनातली ओळ दुरुस्त केली. आमच्या माणसाने त्या दुरुस्त वर्णनाच्या किमतीपर्यंतच बोली लावली आणि गाडी दुसऱ्याने जास्त पैसे देऊन नेली. मला त्याचे वाईट वाटले, कारण ती गाडी छान होती. पण जास्तीचे पैसे आम्ही त्या गाठींसाठी मोजले असते.

पत्र्यांची आणि पॅनेलांची पाठीमागची, न दिसणारी बाजू नेहमी अधिक खरे बोलते. दाराच्या आतले पॅनेल, आसनाखालचा भाग, डॅशबोर्डची मागची बाजू, बॉनेटच्या बिजागरीजवळचा पत्रा. पिनिनफारिना किंवा स्कालिएत्ती या बॉडी बनवणाऱ्या कार्यशाळांच्या कारागिरांनी एका गाडीचे तुकडे दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून तिथे बॉडीचा क्रमांक ठोकलेला किंवा खडूने, पेन्सिलने लिहिलेला असतो. सगळ्या तुकड्यांवर एकच आकडा सापडला की मनाला मोठा दिलासा मिळतो. एखाद्या दारावर वेगळा आकडा असेल, तर ते दार दुसऱ्या गाडीचे. तिथेच मूळ रंगाची कडही बहुधा शिल्लक असते. आज लाल असलेल्या असंख्य फेरारी एके काळी चंदेरी, निळ्या किंवा हिरव्या होत्या. रंग बदलल्याने गाडी खोटी ठरत नाही, पण ‘मूळ रंग’ असे छापले असेल तर ते खरे असले पाहिजे. डिनोवर फेरारीचा बिल्ला दिसला तर तोही नंतरचा. कारखान्याने डिनोला डिनो हेच नाव दिले होते.

मूळ डेटोना स्पायडर १२० च्या आसपासच बनल्या आणि त्यांचे क्रमांक ज्ञात आहेत, म्हणून छप्पर कापून केलेली स्पायडर यादीवरूनच कळते. मिउरा एसव्ही फक्त १५० आहेत. नंतरच्या एसव्हीत इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे केले होते, तर आधीच्या मिउरांमध्ये दोघांना एकच तेल असे, आणि हा फरक गाडीखाली गेल्यावर दिसतो.

जीर्णोद्धार न झालेल्या गाड्यांबद्दल मला विशेष आस्था आहे, आणि तिचे कारण तांत्रिक आहे. वाळूच्या माऱ्याने सांगाडा पांढरा करून, सगळे पत्रे सरळ करून, नव्या चामड्याने मढवलेल्या गाडीत सौंदर्य वाढते आणि पुरावा पुसला जातो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला विकली गेलेली २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, चेसिस २९३५ जीटी, फ्रान्समधल्या एका शेतावरच्या पडवीत कागदांच्या गठ्ठ्यांखाली धूळ खात पडली होती. त्या अवस्थेत ती १ कोटी ६३ लाख युरोला गेली. एकमेव रस्त्यावरची ॲल्युमिनियम डेटोना, चेसिस १२६५३, जपानमधल्या कोठारातून धुळीसकट फेरारीच्या गावी, मारानेल्लोला आणून २०१७ मध्ये १८ लाख युरोंच्या पुढे विकली. त्या धुळीखाली कोणीही काहीही ‘सुधारलेले’ नव्हते. जीर्णोद्धार झालेलीच गाडी घ्यायची असेल, तर काम सुरू होण्याआधीची आणि काम चालू असतानाची छायाचित्रे मागावीत. चांगल्या कारागिराकडे ती शेकड्यांनी असतात. ज्याच्याकडे एकही नाही त्याला का नाही, हे विचारावे.

हक्काचा प्रश्न

चौथा प्रश्न लोक विसरतात. १९५४ ची फेरारी ३७५ प्लस, चेसिस ०३८४ एएम, हिच्या ओळखीविषयी शंका नव्हती. ती १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोमधून चोरीला गेली, बेल्जियमला पोहोचली, आणि तिच्या मालकीचा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूड येथे ती १ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली, आणि त्यानंतर प्रकरण पुन्हा लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. म्हणून मालकीच्या रांगेतली प्रत्येक विक्री कागदावर असावी, चोरीच्या गाड्यांच्या नोंदी तपासाव्यात, आणि ‘वाद मिटला आहे’ असे वर्णनात लिहिले असेल, तर मिटवणाऱ्या कराराची प्रत आपल्या वकिलाने वाचलेली असावी. शर्यतीच्या गाड्यांत अपघातानंतर सांगाडा एकाकडे आणि कागद दुसऱ्याकडे गेल्यामुळे एकाच क्रमांकावर दोन गाड्या हक्क सांगतात, असेही घडते. अशा गाडीची दुसरी बाजू कोण हे कळल्याशिवाय हात वर करू नये.

लिलावाच्या दिवशी

लिलावातली गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जाते, आणि अटींच्या बारीक अक्षरांत वर्णनाची जबाबदारी लिलावगृहाने बरीचशी झटकलेली असते. त्यामुळे प्रश्न तोंडी विचारू नयेत. ईमेलने विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. बोली सुरू होण्याआधी सेलरूम नोटिस वाचावी, कारण छापील कॅटलॉगनंतर केलेली दुरुस्ती तिच्यात असते आणि तीच ग्राह्य धरतात. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचे प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचे शुल्क, वेगळे लागते; वरच्या कॅलिफोर्निया स्पायडरच्या १ कोटी ६३ लाख युरोंत ते धरलेले आहे. बोलीची मर्यादा त्या प्रीमियमसह, आणि जे सिद्ध झाले आहे तेवढ्याच गाडीची ठरवावी. अंतर्गत क्रमांक सापडला नसेल, तर तो नसलेल्या गाडीची किंमत. कमानी नंतरच्या असतील, तर साध्या कमानींची किंमत.

गाडी मिळालीच, तर पैसे भरताना मूळ कागदांची यादी करून ते ताब्यात घ्यावेत. रेड बुक, चेर्तिफिकातो, हत्यारांची पिशवी, मालकपुस्तिका या वस्तू गाडीत नसतात, कार्यालयाच्या कपाटात असतात, आणि त्या मागाहून पाठवतो म्हटल्यावर महिने जातात. ट्रकवर चढवण्याआधी बॉनेट पुन्हा उघडावे, त्याच जागेवर नवा कागद धरून पेन्सिल घासावी, आणि ही छाप प्रदर्शनाच्या दिवशीच्या छापेवर ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडात धरून पाहावे.